माझ्या अर्जातलं डोमाभाऊंचं झाड

वडशाच्या डोमाभाऊ पेंटरांनी मला हैदराबादला पोचवलं. पोचवलं म्हणजे खरंच हाताला धरून पोचवलं. बल्लारशाच्या पलीकडे कधी न गेलेला तो माणूस माझ्यासोबत गाडीत बसला, माझी मुलाखत संपेपर्यंत कलाशाळेच्या फाटकाबाहेर उकिडवा बसून राहिला आणि मला घेऊन परत वडशाला आला. त्याच्या कितीतरी आधी, नववीत शाळा सुटलेल्या मला त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून बाहेरून दहावी करवली, मग बारावी करवली, मग नागपूरच्या कला महाविद्यालयाची जाहिरात वर्तमानपत्रातून फाडून आणून हातात ठेवली. हे सगळं आधी सांगून घेते, कारण पुढचं सांगताना माझा धीर सुटणार आहे. डोमाभाऊ गेले. सव्वा महिना झाला.

त्या सकाळी पाण्याचा कॅन घेऊन मी हैदराबादच्या खोलीचा जिना चढत होते तेव्हा फोन वाजला. नंबर भाऊंचा. मी कॅन पायरीवर टेकवला आणि नेहमीसारखं म्हणाले, “बोला भाऊ.”

“भाऊ नाई बोलत बाई. मी बोलून राह्यली.” आवाज पार्बताबाईंचा, भाऊंच्या बायकोचा. त्यांनी आजवर कधी स्वतःहून फोन लावला नव्हता. “काल दुपारी गेले. जेवले, हात धुतले, बाजेवर पडले अन् उठलेच नाई. तुले कालच सांगतलं असतं त तू रातच्या गाडीनं एकटी निंघाली असती. म्हून नाई सांगतलं.”

लोक म्हणतात, अशा वेळी रडू येतं. मला आधी भीती वाटली. भाऊंना एक गोष्ट सांगायची होती, दोन वर्षं सांगायची होती, आणि दिवाळीत गेले की समोर बसून सांगेन असं मी ठरवून ठेवलं होतं. आता ती गोष्ट माझ्या एकटीजवळ उरली... कोणती, ते ओळीनंच सांगते.

आमचं गाव आरमोरी तालुक्यात, जंगलाला लागून. शाळा शेजारच्या गावात. आम्ही चार मुली पायी जायचो. मी नववीत असताना मोह वेचायला गेलेल्या आमच्याच गावातल्या एका बाईला वाघानं नेलं. काही दिवस वनखात्याची माणसं वाटेवर दिसत होती, मग दिसेनाशी झाली. त्या वाटेवर एक वळण होतं आणि वळणावर मोहाचं जुनं झाड. खोड इतकं रुंद की पलीकडे माणूस उभा असला तरी दिसू नये. त्या झाडाशी पोचलो की आम्ही चौघी थांबायचो. कोणीच आधी पुढे व्हायला तयार नसे. एक दिवस अशा थांबलो त्या थांबलोच. उन्हं वर आली, शाळेची प्रार्थना संपली असणार हे कळत होतं, आणि आम्ही न बोलता माघारी फिरलो. आई म्हणाली, “राहू दे, नको जाऊ.” माझी शाळा सुटली ती अशी. कोणी रागावलं नाही, कोणी काही ठरवलंही नाही.

मग मला वडशाला मावशीकडे पाठवलं. वडसा म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचं गाव. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथे नाटकं होतात, आणि ती करणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं वडशात. मावशी त्यांचे कपडे शिवायची. तिच्या घरामागे बंद पडलेल्या धानगिरणीचं शेड होतं आणि त्यात डोमाभाऊ नाटकाचे पडदे रंगवायचे. राजवाडा, रस्ता, झोपडी, जंगल. मांजरपाटाचं कापड जमिनीवर अंथरायचं, खडू आणि सरस खलून त्याचा हात द्यायचा, वाळला की त्यावर उघड्या पायांनी चालत, बांबूला बांधलेल्या ब्रशनं रंगवायचं. मी दारात उभी राहून बघत होते. मला वाटलं त्यांना दिसले नाही.

“उभी काऊन वो?” ते मागे न बघता म्हणाले. “पाय धुऊन ये. पडद्यावर चालाचं असन त पाय धुवा लागते.”

मी पाय धुऊन आले. त्यांनी मला आभाळ दिलं. “आभाळ कोनालेई जमते,” म्हणाले. “नाई जमलं त ढग हाय म्हनू.”

त्या शेडमध्ये एक रीत होती, आणि ती नीट सांगितल्याशिवाय माझी चूक कळायची नाही. पडद्यावर पेंटरचं नाव कधी लिहीत नसत. एका पडद्यावर तीन-चार हात चालायचे, एकाचं आभाळ, दुसऱ्याच्या खिडक्या, तिसऱ्याची झालर, आणि कुठला भाग कोणाचा हे कोणी विचारायचंही नाही. पडदा कंपनीचा. एकदा कंपनीचे एक मालक राजवाड्याच्या पडद्यासमोर उभे राहून म्हणाले, “डोमाभाऊ, हा खांब वाकडा कोनं काढला?” भाऊ म्हणाले, “पडद्यानं.” मालक हसत निघून गेले. खांब माझा होता. शिवाय पडदा टिकायचाही नाही. मोसम संपला की उन्हाळ्यात वैनगंगेच्या पाण्यात भिजत घालायचा, सरस सुटला की रंग वाहून जायचा, आणि त्याच कापडावर पुढच्या साली नवं जंगल, नवा वाडा. मी हेच बघत मोठी झाले. काम कोणाचं, हा प्रश्न असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

नागपूरला शेवटच्या वर्षाला होते त्या साली एका कंपनीनं जंगलाचा पडदा सांगितला. नाटकात बाईला वाघ नेतो असा प्रवेश होता. मी सुटीत आले होते. भाऊंनी कापड अंथरलं आणि कोळशाचा तुकडा हातात घेऊन नुसते बसून राहिले. मग म्हणाले, “तुह्या शाळेच्या वाटेवरचं ते झाड. कसं होतं सांग.”

मी सांगितलं. खोड कुठे फुगलं होतं, साल कुठे सुटली होती, ऊन कुठल्या बाजूनं यायचं, आम्ही चौघी कुठे थांबायचो. ते मधे मधे विचारत, “मांगं काय दिसे?” मी म्हणायची, काही नाही दिसायचं. “काहीच नाई?” काहीच नाही भाऊ. त्यांनी दोन दिवस त्या झाडावर काढले. पोत्याचा तुकडा गडद रंगात बुडवून, पिळून, सालीवरून असा ओढायचे की साल हाताला लागेल असं वाटावं. खोडाच्या उजव्या अंगाला त्यांनी वीतभर जागा काळीही केली नाही आणि हिरवीही. तिथे नुसता सरस दोनदा दिला, त्यामुळे तिथला रंग आत ओढल्यासारखा दिसायचा. मी विचारलं, इथे वाघ काढायचा का? “पब्लिकले वाघ दाखवाचा नसते पोरी. वाघ दाखवला का लोक हासते. झाडामांगं जागा ठेवाची असते.” पडदा टांगला तेव्हा मी तिकडे दोनदा बघितलं नाही. वरचं आभाळ माझं होतं, डावीकडची बांबूची रांजी, म्हणजे बेट, माझी, वाट माझी. झाड भाऊंचं.

हैदराबादच्या कलाशाळेचा पदव्युत्तर अर्ज मी त्याच मोसमाच्या शेवटी भरला. वडशातल्या ऑनलाइन सेंटरवर, भाऊ पाठीशी उभे. कामांचे फोटो चढवायचे होते. मी विचारलं, “भाऊ, जंगलाचा पडदा टाकू का?”

“टाक ना. मोठं काम त तेच हाय.”

खाली एक चौकोन होता. सर्व कामे माझी स्वतःची आहेत, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. मी त्यात खूण केली. खरं सांगते, तेव्हा मनात काहीच आलं नाही, ना माझ्या, ना त्यांच्या. पडद्यावर चाललेल्या प्रत्येकाचाच तो पडदा, अशा शेडमधून आम्ही दोघं आलो होतो. फोटो चढवला आणि बाहेर येऊन चहा प्यालो. त्या उन्हाळ्यात पडदा धुतला गेला.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा घरात कोणी सोबत यायला मोकळं नव्हतं. मावशीला इतकं दूर नको वाटत होतं, मलाही नकोसं वाटत होतंच. भाऊ म्हणाले, “मी येतो.” पार्बताबाई हसल्या. “तुमी? बल्लारशाले जातानाच पुलावर डोये मिटता तुमी.” पण ते आले. वडशाहून सकाळच्या पॅसेंजरनं बल्लारशा, तिथून सिकंदराबादची गाडी. तिकिटं त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवून वरून सेफ्टी पिन लावली होती, आणि टी.सी. आला तेव्हा ती पिन निघेना. टी.सी. म्हणाला, “राहू द्या बाबा, पुढचे डबे करून येतो.” भाऊ मला म्हणाले, “पाय, चांगला मानूस हाय. लिस्टीत आपलं नाव दिसलं असन त्याले.” पण कागजनगर मागे पडलं, स्टेशनावरच्या पाट्यांमधली मराठी संपली, आणि त्यांनी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. दोघांपैकी कोण कोणाला सांभाळत होतं, सांगता येणार नाही.

कलाशाळेच्या फाटकावर त्यांना आत सोडलं नाही. ते वॉचमनला म्हणाले, “कोई बात नही, हमारी पोट्टी अंदर गेली है, हम इथीच बैठते.” वॉचमन मूळचा आदिलाबादकडचा, त्याला थोडं कळलं, त्यानं त्यांना चहा दिला. मी तिसऱ्या मजल्यावर गेले.

खोलीत पाच जण होते. पडद्यावर एकेक फोटो येत होता. जंगल आलं आणि एक मॅडम, ज्या आता माझ्या मार्गदर्शक आहेत, पुढे झुकल्या. हिंदीत म्हणाल्या, “या झाडाच्या मागे कोणीतरी आहे. मला भीती वाटते आहे. हे कसं केलंस?”

मी सांगितलं. पोतं, सरस, वीतभर जागा. हे झाड माझ्या शाळेच्या वाटेवरचं आहे, याच्यापाशी माझी शाळा सुटली, हेही सांगितलं. एकेक शब्द खरा होता. मॅडमनी विचारलं, “हे एवढं मोठं काम एकटीनं?” आणि त्या क्षणी मला तो चौकोन आठवला. पहिल्यांदाच कळलं की हा प्रश्न असतो. खाली फाटकाशी भाऊ बसले होते. खिडकी रस्त्याच्याच बाजूला होती, मी उठून चार पावलं गेले असते तर ते दिसले असते. मी म्हणाले, “जी.”

परतीच्या गाडीत त्यांनी डबा सोडला. भाकरी वाळली होती. “काय इचारलं?”

“झाडाबद्दल विचारलं.”

“मंग?”

“शाळेच्या वाटेवरचं आहे म्हणून सांगितलं. पोत्यानं कसं करतात ते सांगितलं.”

“बराबर सांगतली.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, माझ्याकडे सरकवला. मग खिडकीबाहेर बघू लागले, आणि बल्लारशाच्या वाटेवरचा तो पूल आला तरी बघतच राहिले, डोळे मिटले नाहीत. त्यांना कळलं होतं का? मी इतक्या वेळा तो चेहरा आठवून बघितला आहे... कधी वाटतं कळलं होतं, कधी वाटतं ते नुसते दमले होते.

माझं नाव लागलं. मी हैदराबादला राहायला आले. नव्या शहराची भीती मी एकेक करून सांगत बसत नाही. रस्ता ओलांडायची, घरमालकिणीच्या तेलुगूची, वर्गात इंग्रजीत बोलायची, संध्याकाळी गल्लीच्या वळणावर आपोआप थांबणाऱ्या पायांची. त्या सगळ्या भीती हळूहळू पातळ झाल्या. एक मात्र दाट होत गेली. पहिल्याच सत्रात मॅडम म्हणाल्या, “तुझं ते झाड पुढे ने.” मी मोठं कापड घेतलं, सरस शिजवला, पोतं ओढलं. झाड झालं. मागे कोणी नव्हतं. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हात तोच आहे ना?” त्या सहज म्हणाल्या असतील. मी त्या आठवड्यात नीट जेवले नाही. वर्गात कोणी माझं नाव घेतलं की वाटायचं, आज विचारणार. कचेरीतून कोणी कागद घेऊन आलं की वाटायचं, आलं. एकदा ग्रंथपालांनी बोलावलं, तर पुस्तक परत करायचं राहिलं होतं, आणि मी त्यांच्यासमोर घाम पुसत उभी.

मी भाऊंना फोन करायची. चोरासारखं विचारायची, पोत्याचं नीट जमत नाही भाऊ. ते फोनवरून शिकवायचे. “वलं नको ठेवू, दमट ठेव. अन् झाडाकडे पाहत ओढू नको, मांगं पाहत ओढ.” एकदा मी सगळं बळ एकवटून म्हणाले, “भाऊ, त्या अर्जातल्या झाडाचं मला तुम्हाला...” ते मधेच म्हणाले, “झाड झाड काय करून राह्यली? जेवली का?” मी म्हणाले, जेवले. जेवले नव्हते. म्हणजे एकाच फोनमध्ये त्यांच्याशी दोनदा खोटं वागले.

भाऊ गेल्यावर मी वडशाला पोचले ती तिसऱ्या दिवशी. शेड उघडंच होतं. अलीकडे कंपन्या छापील फ्लेक्सचे पडदे वापरतात, त्यामुळे काम थोडं उरलं होतं, पण एक कापड अंथरलेलं होतं आणि त्याला नुसता खडूचा हात दिलेला होता. मी चप्पल काढून काठाशी बसले. पार्बताबाई येऊन शेजारी बसल्या. म्हणाल्या, “तुहा फोन आला का ते पंखा बंद करत. घामानं डबडबून जात, पन बंद करत. तुहा आवाज बारीक हाय म्हनत.”

मी त्यांना सांगून टाकलं. तिथेच, त्या कापडाच्या काठाशी. अर्ज, चौकोन, मॅडमचा प्रश्न, माझं “जी”. त्या ऐकत राहिल्या. त्यांना चौकोनाचं फारसं कळलं नसावं, पण मधलं कळलं. “म्हंजे ते भाईर बसले होते अन् तू अंदर त्याईचं नाव नाई घेतली?”

“नाही घेतलं.”

“काऊन वो?”

“भ्या वाटलं, बाई.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, अंगणात गेल्या, माठातून पाणी घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, “मले सांगून काय होते? मी का शाळा चालवतो?”

त्यांचं बोलणं घेऊन मी परत आले. येताना गाडीत दहा वेळा वाटलं, कशाला सांगायचं? पडदा धुतला गेला, भाऊ गेले, आता कोणालाच कळणार नाही. पण ज्या दिवशी हे कोणालाच कळणार नाही याचं मला बरं वाटेल, त्या दिवसाची मला जास्त धास्ती वाटली. सोमवारी मॅडमच्या खोलीत गेले. दार लोटून घेतलं आणि उभ्यानंच सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. “मग त्यात तुझं काय होतं?”

“आभाळ, बांबू, वाट. आणि ते झाड मी त्यांना सांगितलं होतं.”

“हे तेव्हा सांगितलं असतंस तरी तुला घेतलं असतं,” त्या म्हणाल्या. आणि चष्मा परत लावत, “कदाचित. मला माहीत नाही.” त्यांनी माझ्याकडून ते लिहून घेतलं, कारण निर्णय त्यांच्या एकटीच्या हातातला नाही. समिती बसेल, मला बोलावेल. शेवटचं सत्र उरलं आहे. ते पूर्ण होईल की मला सामान बांधावं लागेल, हे हा लेख लिहिताना मला ठाऊक नाही. भीती गेली असं म्हणणार नाही. पत्र आलं का बघायला मी दिवसातून तीनदा खाली जाते. पण निदान आता तिचं कारण दुसऱ्यांनाही माहीत आहे.

आमच्याकडे नाटक सुरू होण्याआधी माईकवर नावं पुकारतात. नायक कोण, खलनायक कोण, ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, मांडव कोणी घातला, लाईट कोणाचे. लोक मांडवात बसता बसता ती ऐकतात आणि ओळखीचं नाव आलं की टाळ्या वाजवतात. पडदे रंगवणाऱ्याचं नाव त्यात मी आजवर ऐकलेलं नाही. भाऊ, समिती काहीही ठरवो, मी वडशाला येऊन एका कंपनीला जंगल रंगवून देणार आहे. पोतं दमट ठेवीन, मागे बघत ओढीन, आणि बदल्यात मालकांना एवढंच सांगेन की नावं पुकारताना तुमचं नाव पुकारायचं. ते जंगल तुमच्या तोलाचं व्हायला मला किती वर्षं लागतील, कोण जाणे. पण ते झालं की पार्बताबाईंना पुढच्या रांगेत चटईवर बसवीन, आणि त्यांच्या शेजारी मी बसेन. माईकवर नाव येईल तेव्हा, भाऊ, टाळी मी आधी वाजवीन.